गावच्या घरात पाहुणे ठेवायचेत? आधी सातबारा आणि विहीर बघा

लालबाग-परळच्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले, गिरगावातल्या जुन्या इमारती एकेक करून पुनर्विकासात गेल्या, आणि हाती आलेल्या कॉर्पसचं काय करायचं या प्रश्नाला हल्ली एक उत्तर फार ऐकू येतं: "गावच्या घरात होमस्टे काढूया. सेंद्रिय शेती दाखवूया. मुंबईची माणसं येतीलच." वाडीच्या मुंबई मंडळाच्या सभेत विषय निघतो, व्हॉट्सअ‍ॅपवर कौलारू घरांचे फोटो फिरतात आणि मग आमच्याकडे प्रश्न येतात. एनए (बिनशेती) करावं लागेल का? 'सेंद्रिय' लिहायला सर्टिफिकेट लागतं का? चुलतभाऊ सही देत नाही, काय करू? आम्ही दादरला, तिकडे बघणार कोण?

या प्रश्नांमध्ये पाणी कधीच नसतं. खोल्या किती, भाडं किती, कर्ज किती, हे सगळं असतं. म्हणून या लेखाचा क्रम थोडा वेगळा आहे. उदाहरणं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आहेत, कारण गिरणगावातल्या बहुतेक वाचकांचं गाव तिकडेच. शिवाय सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यामुळे तिथे पाहुण्यांची सवय आहे आणि पाहुण्यांनी केलेल्या कचऱ्याचीही.

पहिला निर्णय: शेती चालू आहे का?

शेती चालू असेल आणि तिच्या जोडीला पाहुणे येणार असतील, तर पुढे वाचा. शेती बंद आहे, बाग करारावर दिलेली आहे, आणि 'पाहुण्यांना दाखवण्यापुरती' चार वाफे भाजी लावायची आहे, असं असेल तर साधा होमस्टे काढा. त्यात काही वाईट नाही. फक्त त्याला कृषी पर्यटन म्हणू नका. दोन्हींचे कागद, खर्च आणि जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत.

ठरवण्याआधी चालू असलेली ठिकाणं पैसे भरून, पाहुणा म्हणून बघून या. परुळ्याचं माचली, संगमेश्वर तालुक्यात फुणगूसचं फार्म ऑफ हॅपीनेस, जवळ हवं तर नेरळची सगुणा बाग. शक्य असेल तर मे महिन्यात जा आणि जेवणाचं कौतुक करून झालं की मागीलदारी जाऊन सांडपाणी कुठे जातं ते विचारा.

सातबारा: इथेच बहुतेक बेत अडतात

डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या १५ रुपयांत मिळतो. तो काढा, सोबत आठ-अ आणि जुने फेरफारही काढा. मग शांतपणे वाचा. नजर कुठे टाकायची ते सांगतो.

- भोगवटादाराचा रकाना. तुमचं नाव आहे का? आजोबांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद. अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो.
- सामायिक नावं. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं हे कोकणात नेहमीचं चित्र. सामायिक जमिनीवर एकट्याने बांधकाम सुरू केलंत, तर कुणीही हिस्सेदार दिवाणी न्यायालयातून मनाई आणू शकतो. जोतं झाल्यावर आणतो, आधी नाही.
- इतर हक्काचा रकाना. कुळाचं नाव, कुळकायदा कलम ४३ चा शेरा, बँकेचा बोजा, किंवा 'खाजगी वन' अशी नोंद. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याचा शेरा सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात पुष्कळ सातबाऱ्यांवर सापडतो. तो असेल तर वकिलाचा लेखी सल्ला मिळेपर्यंत एक चिराही हलवू नका.
- क्षेत्र. कृषी पर्यटनाच्या नोंदणीला किमान १ एकर शेती लागते.

आत्या आणि बहिणींबद्दल थोडं स्पष्ट बोलू. "त्यांची लग्नं झाली, त्यांचा काय संबंध" हे वाक्य अजून ऐकू येतं. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहहिस्सेदार आहे, लग्न झालेलं असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात ते पक्कं केलं. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असणं गरजेचं नाही, असंही सांगितलं. तेव्हा बहिणीची सही 'घेऊन टाकायची' नसते. तिला हिशेब दाखवून विचारायचं असतं.

वाटणीचे मार्ग दोन. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप. मालकीवर वाद असेल तर दिवाणी न्यायालय, आणि मग होमस्टे या पिढीत विसरा. मधला व्यवहार्य तोडगाही आहे: वाटणी न करता सर्व हिस्सेदारांचं लेखी संमतीपत्र. त्यात पाच गोष्टी हव्यात: कुणी चालवायचं, किती वर्षं, दुरुस्तीचा खर्च कुणाचा, उत्पन्न कसं वाटायचं, आणि गौरी-गणपती, शिमगा व जत्रेला घर कुणाचं. शेवटची अट क्षुल्लक वाटेल, पण बहुतेक भांडणं तिच्यावरून होतात. सोपा नियम करा: त्या दिवसांत बुकिंग बंद. घर भावकीचं.

ज्यांच्याकडे गावची जमीनच नाही, अशा गिरगाव-दादरच्या वाचकांनाही एक सूचना. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 'शेतकरी दाखला करून देतो' म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा. एखाद्या शेतकरी कुटुंबाशी लेखी कराराने भागीदारी करणं हा सरळ मार्ग आहे.

नोंदणी आणि परवानग्या

राज्याचं कृषी पर्यटन धोरण सप्टेंबर २०२० मध्ये आलं. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. पहिल्या नोंदणीचं शुल्क २,५०० रुपये, दर ५ वर्षांनी नूतनीकरणाचे १,००० रुपये. सातबारा, आधार, पॅन, वीजबिल, अन्न नोंदणी आणि शुल्काचं चलन, एवढे कागद मुख्यतः लागतात. मुख्यालय नरिमन पॉइंटला नरिमन भवनात आहे आणि कोकण विभागाचं कार्यालय बेलापूरच्या कोकण भवनात, म्हणजे मुंबईत राहून पाठपुरावा करणं जमण्यासारखं आहे. अर्ज ऑनलाइन होतो, नंतर जागेची पाहणी होते.

नोंदणी म्हणजे बांधकामाचा परवाना नव्हे. जुन्या घरातच खोल्या देणार असाल, तर ग्रामपंचायतीचा घरपत्रक उतारा तुमच्या नावचा किंवा संमतीचा हवा आणि घरपट्टी भरलेली हवी. नवं बांधकाम करायचं असेल तर ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालय, दोन्हीकडून काय लागतं ते लेखी विचारा. तोंडी 'काय नाय होत ओ' यावर पैसे घालू नका.

जागा समुद्राकाठी किंवा खाडीकाठी असेल तर २०१९ ची सीआरझेड अधिसूचना लागू होते. भरतीरेषेपासूनच्या ना-विकास पट्ट्यात नव्या खोल्यांचा विचार सोडा. आहे त्या घरात, त्याचं जोतं न वाढवता, पाहुणे ठेवण्याची वाट बघा. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांसाठी ३१ जुलै २०२४ ची पश्चिम घाट संवेदनक्षेत्राची मसुदा अधिसूचना आहे, तिच्या यादीत गावाचं नाव शोधा. नाव असलं तरी घाबरू नका. तिचा रोख खाणी, दगड-वाळू उपसा, प्रदूषक उद्योग आणि २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांवर आहे, तुमच्या तीन खोल्यांवर नाही.

बाकी छोटे कागद:

- जेवण देणार म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणी. छोट्या व्यवसायाला वर्षाला १०० रुपयांची मूलभूत नोंदणी असते. उलाढालीची सध्याची मर्यादा अर्ज करताना पाहून घ्या.
- जीएसटी सेवांसाठी वार्षिक २० लाखांच्या उलाढालीनंतर. ज्या अ‍ॅपवरून बुकिंग घ्याल त्याचा करार मात्र नीट वाचा, कमिशन आणि कर दोन्ही कुठे कापले जातात ते कळेल.
- शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, खोलीचं भाडं आणि ताटाचे पैसे नसतात. दोन वह्या ठेवा.
- परदेशी पासपोर्टचा पाहुणा आला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवणं बंधनकारक आहे. अमेरिकेतला सख्खा मावसभाऊ पैसे भरून राहिला तरी तोच नियम.
- दारू विकायची नाही, 'व्यवस्था करून' द्यायची नाही.

घरातली बाई हा व्यवसाय खरोखर चालवणार असेल, तर २०२३ चं 'आई' पर्यटन धोरण बघा. महिलांच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळतं. नाव वहिनीचं आणि कारभार दादाचा, असा डाव मात्र मांडू नका.

'सेंद्रिय' हा शब्द पाटीवर लिहिण्याआधी

शेणखत घालतो म्हणजे सेंद्रिय, असं होत नाही. आणि तुमची बाग जर दरवर्षी एखाद्या व्यापाऱ्याला करारावर जात असेल, तर फवारणी आणि खतांचा निर्णय त्याचा असतो, तुमचा नाही. हापूसला नियमित मोहोर यावा म्हणून मुळाशी कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, दिलं जातं. हे वाढरोधक सेंद्रियात चालत नाही. तुडतुडे, थ्रिप्स आणि भुरीवरच्या फवारण्या वेगळ्याच. तेव्हा पहिला प्रश्न तुमच्या करारदाराला: "कल्टार शेवटचं कधी घातलंत?" उत्तर लिहून ठेवा. तिथून पुढे मोजायचं.

रासायनिकातून सेंद्रियात यायला हंगामी पिकांना साधारण २ वर्षं आणि आंबा-काजूसारख्या बहुवार्षिक झाडांना ३ वर्षं धरतात. प्रमाणपत्राचे दोन रस्ते आहेत.

एक, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालचं, बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून मिळणारं. निर्यातीला हेच लागतं, खर्चही जास्त. दोन, सहभाग हमी पद्धत, म्हणजे पीजीएस. यात गावातले किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. बदलाच्या काळात 'पीजीएस ग्रीन', मुदत पूर्ण झाली की 'पीजीएस ऑरगॅनिक'. पाहुण्यांसाठी चालणाऱ्या घराला दुसरा रस्ता बरा. त्यात मुंबईकर मालकाला गावातल्या चार जणांशी बोलावंच लागतं, आणि त्याची गरज असतेच.

स्वतः पिकवलेलं थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांत प्रमाणपत्रातून सूट आहे, मात्र मग 'जैविक भारत'चं बोधचिन्ह वापरता येत नाही. आणि सूट प्रमाणपत्रातून आहे, खरं बोलण्यातून नाही. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'नैसर्गिक' असे शब्द जाहिरातीत वापरले तर पुरावा हाताशी हवा. पाहुणा तक्रार करू शकतो.

मग पाटीवर काय लिहावं? जे आहे ते. "२०२४ पासून रासायनिक खत-फवारणी बंद. फळमाशीसाठी सापळे वापरतो. भात आणि भाजी आमची, डाळ-तेल-साखर बाजारची." अशी पाटी वाचून कुणी पाहुणा परत गेलाय, असं ऐकिवात नाही. फळमाशीचा 'रक्षक' सापळा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानेच विकसित केला आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातही आंबा-काजूबद्दल विचारता येतं. सुट्टीवर जाल तेव्हा एक सकाळ तिथे घालवा.

पाणी: मेमध्ये मोजा

कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वाड्यांवर टँकर येतो. जांभा पाणी घेतो आणि तितक्याच सहज खाली सोडून देतो. त्यामुळे गणपतीत काठोकाठ भरलेली विहीर बघून खोल्यांची संख्या ठरवू नका.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हे करा. हातभर अंतरावर गाठी मारलेला दोर आणि त्याला दगड, एवढंच सामान. सकाळी उपसा सुरू होण्याआधी पाण्याची पातळी घ्या. तासभर पंप चालवा, पुन्हा पातळी घ्या. मग पंप बंद ठेवून पातळी पूर्ववत यायला किती तास लागतात ते बघा. १० फूट व्यासाच्या गोल विहिरीत १ फूट पाणी म्हणजे सुमारे २,२०० लिटर. यावरून २४ तासांत किती पाणी पाझरतं त्याचा आकडा निघतो.

आता गरज. शहरी माणूस दिवसाला शंभर-सव्वाशे लिटर सहज वापरतो. तीन खोल्यांत सहा पाहुणे, घरची चार माणसं, म्हणजे हजार ते तेराशे लिटर. त्यात गुरं, परसातली भाजी, चादरी धुणं मिळवा. विहिरीचा पाझर याच्या दुप्पट असेल तर मेमध्ये पाहुणे घ्या. कमी असेल तर मेमध्ये बंद ठेवा. वाडीतल्या बायका हंडे घेऊन चालत असताना तुमच्या बाथरूममध्ये शॉवर चालणं शोभत नाही, आणि वाडीही ते विसरत नाही.

हजार चौरस फुटांच्या छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-बाष्प वजा जाता दोन लाख लिटरच्या आसपास पाणी हाती येऊ शकतं. 'ते विहिरीत सोडलं की झालं' असं सांगणारे भेटतील. विहीर पावसाळ्यात तशीही भरलेली असते. मेसाठी उपयोगी पडतं ते बंदिस्त टाकीत साठवलेलं पाणी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हाळावर घातलेले कच्चे बंधारे. बंधारा एकट्याने होत नाही, वाडी लागते. मुंबई मंडळाने दिवाळीत चार दिवस श्रमदान ठेवलं तर त्यातून हे होईल.

जाणाऱ्या पाण्याचंही तेवढंच महत्त्व आहे. जांभ्यातून पाणी भराभर झिरपतं, म्हणजे शोषखड्ड्यातली घाणही भराभर झिरपते. शौचालयाचा खड्डा तुमच्या आणि शेजाऱ्याच्या विहिरीपासून किमान ५० फूट, आणि उताराच्या खालच्या अंगाला. गावात सेप्टिक टाकी उपसणारी गाडी वेळेवर मिळेल असं धरू नका. जमीन पाणथळ नसेल तर दोन खड्ड्यांचं शौचालय उत्तम: एक भरला की दुसरा सुरू, आणि भरलेल्याला दोन वर्षं हात न लावता खत होऊ द्यायचं. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी वेगळं काढा, वाळू-खडीच्या चरातून, कर्दळ आणि अळू लावून, माड-केळींना द्या. विहिरीच्या पाण्याची वर्षातून दोनदा प्रयोगशाळेत तपासणी करा आणि अहवाल पाहुण्यांना दिसेल असा लावा.

पोहण्याचा तलाव नको. यावर चर्चाही नको.

बांधू नका, दुरुस्त करा

जुनं घर, पडवी, माडी आणि बागेतला मांगर हीच तुमची इमारत. चिऱ्याच्या भिंती आणि नळ्याची किंवा मंगलोरी कौलं उन्हाळ्यात जे करतात ते स्लॅब करत नाही, मग एसी लागतो, मग वीजबिल. मांगराची कौलं उतरवून वासे-रिपा बदला, आतून चुन्याचा हात द्या, जमीन सारवलेली ठेवा किंवा साधी फरशी घाला. न्हाणीघर मात्र चांगलं करा. शहरातला पाहुणा सारवलेल्या जमिनीवर खूश असतो, पण नळ गळलेला त्याला चालत नाही.

'व्ह्यू'साठी झाडं तोडण्याआधी थांबा. आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

आंघोळीच्या पाण्याला बंब ठेवा, सोडणं, चुडतं, करवंट्या घरचीच असतात. छतावरच्या सौरविजेला 'पीएम सूर्यघर' योजनेतून ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण ते घरगुती वीजजोडणीला. तुमची जोडणी कोणत्या प्रकारात मोडते ते महावितरणला आधी विचारा. चार-पाच गुरं असतील तर २ घनमीटरचा गोबरगॅस चालतो, रोज ५० किलो शेण लागेल. गुरं विकून टाकली असतील तर तो विषय सोडा.

कचऱ्यासाठी एकच नियम: ओला जिरवायचा, कोरडा परत. बहुतेक वाड्यांवर कचऱ्याची गाडी येत नाही, आणि मागे खड्डा करून प्लास्टिक जाळणं हा मार्ग नाही. पाहुण्याला येतानाच सांगा की वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या त्याच्याच पिशवीतून परत जातील. माठातलं उकळलेलं पाणी द्या, बाटलीबंद ठेवूच नका.

ताटात काय

घावणे-चटणी, आंबोळी-काळ्या वाटाण्याचं सांबारं, उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, पावसात टाकळा आणि अळू, उन्हाळ्यात फणसाची भाजी, रातांब्याच्या आगळाची सोलकढी. पनीर बटर मसाल्याची मागणी होईल, नम्रपणे नाही म्हणा. लालबागहून नेलेला मालवणी मसाला वापरत असाल तर वापरा, चविष्टच आहे, फक्त तो 'आमच्या शेतातला' म्हणून सांगू नका. मासे त्या दिवशीचे जे येतील ते. खाडीतली अंडी असलेली चिंबोरी कुणी मागितली तरी नको.

गावात राहणार कोण?

हा प्रश्न सुटला नाही तर वरचं सगळं व्यर्थ. मुंबईतून फोन घेता येतो, पैसे घेता येतात, गाडीची वेळ कळवता येते. पण पहाटे पंप बिघडला तर गावातलाच माणूस लागतो. बहुतेक घरांत ही जबाबदारी न विचारता गावच्या काकी-वहिनीवर येते. तिचं काम म्हणजे रोजचं सहा-आठ माणसांचं रांधणं, चादरी, झाडलोट. याचा पगार ठरवा, महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यात टाका, वाटणीच्या हिशेबाआधी. ती नाही म्हणाली तर तो नकार समजा, रुसवा नव्हे. वाडीतल्या एक-दोघांना कामाला घेतलंत तर आजूबाजूचा विरोधही कमी होतो.

सुरक्षिततेच्या तीन बाबी तिला आणि कामाच्या माणसांना माहीत हव्यात. घोणस आणि फुरसं असलेल्या भागात रात्री बॅटरीशिवाय पायवाटेवर कुणाला सोडायचं नाही, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष सर्वांत जवळ कुठल्या रुग्णालयात आहे त्याचा नंबर भिंतीवर हवा. दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. जानेवारी ते मे गोचीड जास्त, तेव्हा काजूच्या बागेत फिरताना पाय झाकलेले हवेत आणि माकड मेलेलं दिसलं तर आरोग्य केंद्राला लगेच कळवायचं. तिसरी बाब उघड्या विहिरीची: कठडा आणि जाळी, पहिल्या पाहुण्याच्या आधी.

पाहुण्याला आगाऊ लेखी कळवा

- तुतारी एक्स्प्रेस दादरहून थेट सावंतवाडीला जाते. रेल्वेने येणाऱ्याला स्टेशनवरून आणायची सोय आहे, असं ठळक लिहा.
- शेतीची कामं खरी आहेत. लावणी, कापणी, काजू वेचणी ज्या त्या हंगामातच.
- रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक नाही. हा कायदाच आहे.
- देवघर आणि घरातल्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत.
- आगाऊ रक्कम, रद्द केल्यास किती परत, पाणी कमी पडल्यास तुम्ही काय करणार.

अटी आधी लिहिलेल्या असतील तर त्या मोडणाऱ्याला थांबवण्याचा, बुकिंग रद्द करण्याचा हक्क तुम्हाला राहतो. उलट, पाहुणा हा कायद्याने ग्राहक आहे. जाहिरातीत दाखवलं ते मिळालं नाही तर तो ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. पावती द्या आणि घ्या.

कार्यालयांबाबत तुमचे हक्कही लक्षात ठेवा. फेरफाराची नोटीस हितसंबंधितांना मिळायला हवी आणि तिच्यावर लेखी हरकत घेता येते. फेरफाराच्या जुन्या कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज चालतो, ३० दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. ठरलेल्या मुदतीत अधिसूचित सेवा मिळाली नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं. ओळखीच्या माणसाची चिठ्ठी लागत नाही.

हिशेब

एक नमुना मांडून बघा. तीन खोल्या, वर्षाला ६० रात्री भरलेल्या, खोलीला जेवणासह ३,००० रुपये. वर्षाचे ५ लाख ४० हजार. अन्न, पगार, वीज, दुरुस्ती, प्रवास यात निम्मे गेले तर उरले २ लाख ७० हजार. आता नव्या कॉटेजसाठी २५ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता महिन्याला ३३,००० च्या आसपास, वर्षाला सुमारे ४ लाख. म्हणजे दरवर्षी सव्वा लाख खिशातून. तेच जुन्या घराची दुरुस्ती पाच-सहा लाखांत, कर्जाशिवाय केली, तर दोन-तीन वर्षांत पैसे सुटतात आणि चार भावंडांत वाटायला थोडं उरतं. खूप नाही. नोकरी सोडण्याएवढं तर मुळीच नाही.

तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून बघा. साठ रात्रींऐवजी तीस धरूनही बघा, कारण पहिलं वर्ष तसंच जातं.

या मेमध्ये गावी जाणार असाल तर पिशवीत दोन गोष्टी टाका: सातबाऱ्याची ताजी प्रत आणि गाठी मारलेला दोर. हिस्सेदारांची एक बैठक आणि विहिरीची एक मोजणी एवढं जमलं तर अर्ज पावसाळ्यात करता येतो. त्याआधी कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका, आर्किटेक्टलाही नाही.